ठिपक्यावरची वाकडी रेघ

३ फेब्रुवारी

लेकीनं दिलेली ही डायरी कपाटात नुसती पडून होती. आजपासून लिहिणार. मन मोकळं करायला वगैरे नाही, तसल्या सवयी मला नाहीत. आज जे सापडलंय त्याची तारीखवार नोंद असावी म्हणून. उद्या आमच्या तिकीटसंग्राहक मंडळातला कुणी उठून म्हणाला, 'हे तर मी कधीच पाहिलं होतं,' तर त्याच्या तोंडावर मारायला काहीतरी हवं.

परका माणूस वाचेल म्हणून आधी सोपं करून सांगतो. १८५१ सालचं अमेरिकेचं तीन सेंटांचं लाल टपाल तिकीट, वर त्यांच्या पहिल्या अध्यक्षाचा चेहरा. कडेला भोकं नाहीत, कात्रीनं कापून घ्यायचं. पोलादी प्लेटवर अशी दोनशे चित्रं, अर्धी डावीकडं, अर्धी उजवीकडं. मूळ चित्र एका रुळावर घेतलं आणि तो रूळ प्लेटवर पुन्हापुन्हा दाबला. रूळ कुठं टेकवायचा हे कळावं म्हणून आधी बारीक ठिपके टाकून ठेवले. चौकटीच्या रेघा फिक्या उठल्या, म्हणून त्या मागून हातानं कोरल्या. आता हाताचं काम म्हटल्यावर कुठं रेघ लांबली, कुठं दुहेरी झाली, कुठं कोपऱ्याबाहेर गेली. त्यामुळे ही सगळी तिकिटं सख्खी भावंडं, पण जुळी एकही नाहीत. सुटं तिकीट हातात आलं की ते प्लेटवरच्या कुठल्या घरातलं हे अशा खुणांवरून ओळखायचं. याला प्लेटिंग म्हणतात. आमच्या हिच्या भाषेत, 'मेलेल्या माणसाच्या तोंडाला भिंग लावून बसणं.'

माझी पद्धत ठरलेली आहे. भिंग उजव्या डोळ्याला, डावा मिटलेला. आधी नजर खालच्या कोपऱ्यातल्या ठिपक्यावर रोवायची. तो पक्का झाला की मगच बाकीचं. नोकरीभर ड्राफ्ट्समन म्हणून सरळ रेघा ओढल्या, ही शिस्त अंगात मुरलीय.

तर आज सकाळी ठिपक्यावर नजर रोवली आणि त्याच्या जरा वर चौकटीची रेघ आत वाकलेली दिसली. केसभरच. दुसरं तिकीट घेतलं, तिथंच. तिसरं घेतलं, तिथंच! तिन्ही वेगळ्या घरांतली. म्हणजे ही हाताची चूक नव्हे. दोष रुळातच होता, आणि मागून कोरणारा त्या फिक्या रेघेवरून इमानदारीत हात फिरवत गेला. दीडशेहून जास्त वर्षं जगभरचे लोक ही तिकिटं बघताहेत आणि कुणाला दिसलं नाही. हिला हाक मारली तर म्हणाली, "चहा गार होतोय."

५ फेब्रुवारी

अल्बममधली सगळी बाहेर काढून तपासली. प्रत्येकावर आहे. स्कॅन करून मोठी छापील प्रत काढली. गंमत अशी की नुसत्या डोळ्यांनी बघितलं तर रेघ सरळ वाटते. भिंग लावलं की वाकते. म्हणजे दोष किती सूक्ष्म आहे बघा! म्हणूनच इतकी वर्षं सुटला.

दोन दिवस नीट जेवण जात नाही. कुणी आधी छापलं तर?

११ फेब्रुवारी

अल्बमसाठी भिंतीवर फळी हवी होती म्हणून सुताराला बोलावलं. फळी बसवल्यावर मी सवयीनं एका टोकाला उजवा डोळा लावून, डावा मिटून, कडेवरून नजर टाकली. मधोमध चक्क पोक आलेलं. म्हटलं, "हे काय, वाकडी आहे की!" तो म्हणे, "साहेब, दोरी लावून दाखवतो." दोरी लावली. मी तसंच बघितलं तर दोरीही सैल. म्हटलं, "ओढून धर." म्हणे, "ओढलेलीच आहे."

हल्लीच्या लोकांना सरळ म्हणजे काय तेच ठाऊक नाही. पोटतिडकीनं सांगितलं तेव्हा रंधा काढला आणि माझ्या नजरेखाली घासत बसला. मला सरळ दिसेपर्यंत घासायला लावलं. जाताना हिच्याकडं बघून डोक्याला हात लावला, तो मी पाहिला.

आता फळीवर पेन्सिल ठेवली की मध्यावरून गडगडत खाली पडते. ही म्हणाली, "आधी राहत होती हो." लाकूडच ओलं असणार.

१५ फेब्रुवारी

राहवलं नाही. दातोबाला बोलावलं. दातोबा म्हणजे आमच्या मंडळाचा चिटणीस. पेशानं दातांचा डॉक्टर, तीस वर्षांचा दोस्त. प्लेटिंगमध्ये माझ्या खालोखाल त्याचंच नाव घेतात. निदान मी तरी तसंच म्हणतो.

त्याला दोन तिकिटं दिली आणि काहीच सांगितलं नाही. त्यानं बराच वेळ बघितलं. म्हणाला, "ही डाव्या अर्ध्यातली, सातव्या ओळीची. बरं, मग?"

"ठिपक्याच्या वर बघ."

"बघतोय."

"रेघ?"

"रेघ आहे."

"कशी आहे?"

"कशी म्हणजे? सरळ आहे."

मी हसलो. म्हटलं, नीट बघ. त्यानं पुन्हा बघितलं. मग तिकिटाकडं न बघता माझ्याकडंच बघत राहिला. म्हणाला, "तू दुसऱ्या डोळ्यानं एकदा बघ ना रे."

अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, "डाव्या डोळ्यानं बघणं म्हणजे डाव्या हातानं सही करणं. तुझ्या पेशंटांचे दात तू कुठल्या डोळ्यानं बघतोस ते मी विचारतो का?"

तो उठला. चहाही अर्धाच प्यायला.

१६ फेब्रुवारी

का दाखवलं मी त्याला! स्वतःच्या हातानं घात करून घेतला. रात्री आठवलं, तो त्या तिकिटांचे फोटो मोबाइलवर घेऊन गेलाय. 'घरी निवांत बघतो' म्हणे. ज्याला काही दिसलंच नाही त्याला फोटो कशाला हवेत? पाणी मुरतंय.

२७ फेब्रुवारी

लेकीचा फोन. आधी आईशी बराच वेळ बोलली, मग मला दिला. इकडच्या तिकडच्या गप्पा आणि मग एकदम, "बाबा, डोळे कधी तपासलेत शेवटचे?"

म्हटलं, "समोरच्या इमारतीच्या गच्चीवर कपडे कुठल्या रंगाचे आहेत सांगू?"

"तसं नाही हो बाबा."

"मग कसं?"

"एकेक डोळा झाकून बघितलंत का?"

ही भाषा तिची नाही. कुणीतरी तिच्या कानात भरलीय. मी म्हटलं, "मला लेख लिहायचाय," आणि फोन हिच्याकडं दिला. नंतर वाईट वाटलं. पोरीचा काय दोष. पण लेख खरंच लिहायचाय. मंडळाची वार्षिक सभा महिनाभरावर आली. तिथं मी तो वाचणार आणि मग तो त्रैमासिकात छापून येणार. एकदा छापलं की कुणाच्या बापाची हिंमत नाही.

६ मार्च

भिंगावर करडा डाग पडलाय. बरोबर मधोमध. मलमलीनं पुसलं, साबणाच्या पाण्यानं पुसलं, हटत नाही. वापरून वापरून काच गेली असावी. नवीन मागवलं.

१० मार्च

नवीन भिंग आलं. त्यालाही मधोमध तसाच डाग! दुकानदाराला फोन करून झाडला. तो म्हणतो, परत पाठवा, बदलून देतो. म्हटलं, तुमचा सगळा मालच असला, बदलून काय देणार? हल्ली एक वस्तू धड मिळेल तर शपथ.

सध्या मान जरा तिरकी करून डागाच्या कडेनं बघतो. वाकडेपणा आता पहिल्यापेक्षा ठळक दिसतो. नजर तयार झाली, दुसरं काय.

१४ मार्च

आज जे पाहिलं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो.

बाहेरून आलो तर जिन्याच्या वळणावर ही आणि दातोबा उभे. ही आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. हिचा आवाज बंद दारातून दोन मजले जातो. ती आज कुजबुजत होती. मला बघितल्याबरोबर दोघं गप्प. दातोबा म्हणाला, "इकडं आलो होतो, म्हटलं डोकावून जावं." मी म्हटलं, "मग जिन्यातच का डोकावलास?" त्यावर ही, "अहो, काय बोलता!" तिचे डोळे लाल होते.

म्हणजे आता घरातूनच सुरुंग. त्यानं हिला काय पट्टी पढवली असेल? की माझं डोकं फिरलंय, लेख वाचू देऊ नका, सभेत हसं होईल? आणि सभा टळली की हा स्वतःच्या नावावर छापून मोकळा.

संध्याकाळी हिनं विषय काढला. "माझं ऐका, एकदा डोळ्यांच्या डॉक्टरांकडं जाऊन येऊ. मी वेळ घेतलीय."

"कुणी सांगितलं? दातोबानं?"

"कुणी का सांगेना."

"सभा झाल्यावर."

"आधी गेलं तर काय बिघडतं?"

मी जोरात ओरडलो. काय बोललो ते लिहीत नाही. ती आत निघून गेली. तिकिटांच्या कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात ठेवली. इतक्या वर्षांत या घरात कपाटाला कुलूप लागलं नव्हतं.

१९ मार्च

आज एक झालं. लेखात दाखवायला वाकण्याचं माप हवं होतं. तिकिटाला लागून माझी पोलादी पट्टी ठेवली, नोकरीतली. भिंगातून बघितलं.

पट्टीची कडही वाकली होती. तिथंच.

पट्टी उचलून नुसती धरली, उजेडाकडं. दोन्ही डोळ्यांनी. सरळ. पुन्हा भिंग.

पट्टी जुनी झालीय. पोलादही म्हातारं होतं. उगाच काहीबाही डोक्यात घ्यायचं नाही. माप अंदाजानं टाकलं.

२० मार्च

नीट झोप नाही. पट्टी खणात खाली ठेवलीय, वर कागद टाकून.

मी स्वतःला विचारलं, समजा नसेल तर? समजा काही नसेलच तर? मग गेला दीड महिना मी काय बघत होतो? हा प्रश्न मनात आला की मी लेखाचे कागद पुढं ओढतो. त्यापेक्षा लेख बरा. लेखात सगळं पायरीपायरीनं जमून येतं.

लेख मंडळाच्या अध्यक्षबाईंच्या घरी नेऊन दिला. निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. त्यांनी शीर्षक वाचलं आणि म्हणाल्या, "वा, हे खरं असेल तर मोठीच गोष्ट आहे." 'असेल तर' कशाला म्हणायचं?

२८ मार्च

उद्या सभा. कोट झटकला. भाषण आरशासमोर म्हणून बघितलं. ही मुकाट्यानं शर्टाला इस्त्री करत होती. गेले काही दिवस ती माझ्याशी वाद घालत नाही, त्यानंच जास्त भीती वाटते. म्हटलं, "येतेस का उद्या?" एरवी मंडळाचं नाव काढलं की तिला जांभया येतात. म्हणाली, "येते ना."

बरं वाटलं. आणि मग वाटलं, का येतेय?

३० मार्च

काल लिहिता आलं नाही. आज लिहितो. जेवढं आठवतं तेवढं लिहितो.

औषधांच्या दुकानावरच्या हॉलमध्ये सभा. ही म्हणाली, मी खालीच थांबते, वर गर्दी नको. पहिल्या भागात अहवाल, आभार, नेहमीचं दळण. चहानंतर माझा लेख. चहाला उठलो तेव्हा दातोबानं माझा दंड धरला. "दोन मिनिटं ये." म्हटलं, "कुठं?" तो मला ओढतच बाथरूममध्ये घेऊन गेला आणि दार लावलं.

मी म्हटलं, "हे बघ, लेख तर मी वाचणारच."

"वाच. मी अडवत नाही. आधी एक कर. डावा डोळा हातानं झाक आणि समोरच्या भिंतीकडं बघ."

भिंतीला पांढऱ्या चौकोनी फरश्या होत्या, छतापर्यंत. मी डावा झाकला. मधल्या ओळी सगळ्या आत ओढल्यासारख्या वाकड्यातिकड्या, आणि जिथं नजर टाकावी तिथं करडा डाग.

मी म्हटलं, "ही फरशी कुठल्या गाढवानं बसवलीय?"

नळ थेंब थेंब गळत होता.

तो म्हणाला, "आता उजवा झाक."

मी झाकला. भिंत सरळ होती. एकूणएक रेघ सरळ. पुन्हा डावा झाकला. पुन्हा उजवा. किती वेळ हेच करत होतो कोण जाणे. बाहेर कुणीतरी दार वाजवून गेलं. मी वॉशबेसिनला धरून उभा राहिलो.

"तुला कधी कळलं?" मी विचारलं.

"पहिल्या दिवशी शंका आली. फोटो बघून खात्री झाली. माझ्या आईचं असंच झालं होतं. तुला सांगायला गेलो की तू अंगावर येतोस. वहिनींना सांगितलं, तुझ्या लेकीला सांगितलं. तू कुणाचं ऐकतोस?"

"मला वाटलं तू चोरणार आहेस."

"काय चोरणार होतो रे मी?" तो म्हणाला आणि त्यानं दाराची कडी काढली.

हॉलमध्ये गेलो. अध्यक्षबाईंना सांगितलं, "लेख वाचायचा नाही. परत द्या. चूक सापडली." मागच्या रांगेतला कुणी तरी म्हणाला, "एवढ्या लवकर?" दोनचार जण हसले. मला त्याचं काहीच वाटलं नाही.

खाली ही गाडी थांबवून उभी होती. गाडीचं दार उघडंच होतं. डोळ्यांच्या डॉक्टरांची त्याच दुपारची वेळ तिनं आणि दातोबानं घेऊन ठेवली होती. जिन्यात कुजबुजत होते ते हेच.

३१ मार्च

परवाच्या त्या डॉक्टरीणबाई तरुण आहेत, हळू बोलतात. डोळ्यांत थेंब घातले, यंत्रात हनुवटी टेकवून फोटो काढले. डोळ्याच्या मागचा पडदा असतो, त्याच्या बरोबर मधोमध खालून पाणी आणि रक्त झिरपलंय म्हणे. तिथं पडदा उचलला जातो, म्हणून सरळ रेघ वाकडी दिसते.

"कधीपासून असं दिसतंय?"

"तीन फेब्रुवारी. सकाळी."

त्यांनी मान वर केली. इतकी पक्की तारीख कुणी सांगत नाही बहुतेक. मग म्हणाल्या, "तेव्हाच आला असतात तर..." आणि ही शेजारी बसलेली बघून वाक्य सोडून दिलं. मी म्हटलं, "पुरं करा." म्हणाल्या, "बरंचसं वाचवता आलं असतं. आता जे गेलं ते परत येईल असं सांगत नाही. आहे ते राखू."

दुसऱ्या डोळ्यातही खुणा दिसताहेत. अजून कोरड्या आहेत, म्हणजे तिथं पाणी झिरपलेलं नाही. 'लक्ष ठेवायचं.'

३ एप्रिल

डोळ्यात इंजेक्शन घेतात हे मला माहीतच नव्हतं. दुखत नाही. भीतीनं जीव जातो तेवढंच. दर महिन्याला.

घरी येऊन गुपचूप एक गोष्ट करून बघितली. डावा डोळा झाकून हिच्याकडं बघितलं. ती दारात उभी होती. केस दिसले, खांदे दिसले, कानातलं दिसलं. चेहऱ्याच्या जागी काही नाही. ती म्हणाली, "दिसतंय का काही?" म्हटलं, "दिसतंय की." तिला कळलं. ती आत जाऊन नळ सोडून उभी राहिली, भांडी नसताना.

९ एप्रिल

भांडलो. मीच सुरू केलं. म्हटलं, तुम्हा सगळ्यांना माहीत होतं, मग मला खेचत का नाही नेलंत? हातपाय बांधून नेता आलं नसतं का?

ही एवढी चिडलेली मी कधी बघितली नाही. "किती वेळा सांगितलं! प्रत्येक वेळी कुणीतरी तुमच्यावर जळतंय! सुतार लबाड, दुकानदार लबाड, दातांचे डॉक्टर चोर, मी फितूर. जगातल्या सगळ्यांची चूक काढलीत, एक स्वतःचा डोळा सोडून!"

खरं होतं ते. मग ती रडायला लागली आणि म्हणाली, "मीच ओढून न्यायला हवं होतं." मी म्हटलं, नाही गं, तू ओढलं असतंस तरी मी आलो नसतो. हे तिच्या समाधानासाठी नाही म्हटलं.

२१ एप्रिल

फ्रिजच्या दारावर चौकोनांचा कागद लावलाय. डॉक्टरीणबाईंनी दिलेला. रोज सकाळी उजवा झाकून डाव्यानं मधल्या ठिपक्याकडं बघायचं. एकही रेघ वाकली तर फोन न करता सरळ निघून यायचं. ही शेजारी उभी राहते आणि विचारते, "सरळ?" मी म्हणतो, "सरळ." तोवर तिचा श्वास अडकलेला असतो.

रेघा मला आयुष्यभर सरळ हव्या होत्या, पण इतक्या जीव टांगून कधी बघितल्या नव्हत्या.

१२ मे

दातोबा आला. मी माफी मागितली. म्हणाला, "माफी राहू दे, तुझी फेब्रुवारीपासूनची कामं तपासायला हवीत." बरोबर आहे त्याचं. त्या काळात घरं ठरवलेली सगळी तिकिटं अल्बममधून काढून पाकिटात टाकली. बाहेरच्या तिघांना मी घरं कळवली होती, त्यांनाही लिहिलं की भरवसा ठेवू नका.

आता भिंग डाव्या डोळ्याला. नवशिक्यासारखं होतं. नाक मध्ये येतं, हात चुकतो, ठिपका सापडायलाच वेळ लागतो. उजवा मिटायचा राहतो आणि करडा डाग मध्ये लुडबुडतो. दातोबा म्हणाला, "शीक सावकाश." मला सावकाशची भीती वाटते. हा डोळा किती दिवस सोबत आहे कुणी सांगावं.

सुताराला बोलावून फळी बदलून घेतली. त्याला म्हटलं, चूक माझी होती. तो इतका गोंधळला की दोनदा स्क्रू हातातून पडला.

१८ जून

सकाळी कागद बघितला. "सरळ?" "सरळ." ही कुंड्यांना पाणी घालायला गेली. मी पाकिटातलं एक तिकीट काढलं, डाव्या डोळ्याला भिंग लावलं आणि घर शोधायला बसलो.

ठिपका सापडला. तिथून नजर हळूहळू उजव्या बाजूच्या चौकटरेघेवर गेली. अर्ध्यावर रेघ बाहेर फुगलेली होती.

भिंग काढलं. मनात पहिला विचार काय आला असेल? 'दुसरं तिकीट बघू.' लाज वाटली स्वतःची. अजूनही तेच! जवळजवळ तीन महिन्यांत काहीच शिकलो नाही का मी? पण हात खरंच दुसऱ्या तिकिटाकडं चालला होता. तो मागं घेतला आणि हाक मारली. मोठ्यानं.

ही धावत आली, हातात झारी, पाणी सांडत. माझा चेहरा बघूनच तिला कळलं. "चला," म्हणाली, "मी चप्पल घालते."

"थांब. आधी तू बघ."

"मी? मला काय कळतंय त्यातलं?"

"कळायचं नाहीये. बघायचंय. बस."

तिला खुर्चीत बसवलं. एवढ्या वर्षांच्या संसारात तिनं या भिंगातून कधी बघितलं नव्हतं, आणि मीही कधी तिला दिलं नव्हतं. आधी म्हणाली, सगळं काळं दिसतंय. म्हटलं, जवळ आण, अजून जवळ. मग म्हणाली, पापणीच दिसतेय माझी. मग एकदम, "अगंबाई! दिसला की! नाक केवढं आहे हो याचं!"

"नाक सोड. उजवीकडची उभी रेघ बघ. खालून वर जा."

"जातेय."

"घाई करू नकोस."

"तुम्हीच घाई करताय. हं... सरळ आहे... सरळ आहे..."

माझे हात खुर्चीच्या पाठीवर होते. तिचे खांदे हलत नव्हते.

"सरळ आहे... आणि इथं जरा बाहेर गेलीय. पोट सुटल्यासारखी. मग परत आत आलीय."

"नक्की?"

"अहो, वाकडी आहे. चांगली वाकडी आहे. कुणाचा तरी हात सरकलाय."

तिच्या शेजारी जमिनीवर बसलो आणि रडायला लागलो. ती घाबरली. "काय झालं? वाकडी असणं वाईट का?"

नाही, म्हटलं, वाईट नाही. दातोबाला फोन लावला, रेघ कशी आहे ते सांगितलं. तो हसायला लागला. "डाव्या अर्ध्यातली, तिसरी ओळ. अरे, हे तर पहिल्या वर्षाच्या पोरालाही माहीत असतं. सगळ्या पुस्तकांत आहे. यात नवीन काय?"

काहीच नाही. मला ती तीस वर्षांपासून ठाऊक होती, घाबरल्यावर आठवली नाही इतकंच. तिच्यात काही नवीन नाही, कुणाचं नाव लागायचं नाही, छापायचं नाही. कोरणाऱ्याचा हात खरंच सरकला होता, एवढंच. मी फोन ठेवला आणि हिला म्हटलं, अजून एकदा बघ. तिनं भिंग पुन्हा डोळ्याला लावलं, झारीचं पाणी तसंच फरशीवर सांडलेलं, आणि खालून वर सगळी रेघ मला परत एकदा सांगितली.